होडी आधी, मोटर नंतर



बर दुबईहून देऱ्याला जाताना आपण सगळेच कधी ना कधी अब्रात बसलो आहोत. एक दिरहॅम दिला की खाडीपलीकडे. पुढच्या वेळी बसाल तेव्हा माणसे कशी बसतात तेवढे नीट बघा. अब्रात बाके कडेला नसतात. मधोमध एक लांब बैठक असते आणि लोक पाठीला पाठ लावून, तोंडे पाण्याकडे करून बसतात. चालवणाराही मधोमधच असतो. म्हणजे वीस माणसांचे वजन होडीच्या मधल्या रेषेजवळ येते. असे का केले असेल? कडेला बाके टाकली असती तर मध्ये जागा सुटली असती, चार माणसे जास्त मावली असती. या प्रश्नाचे उत्तर समजले की आजचा अर्धा पाठ समजला.

हा पाठ लिहायचे निमित्त असे. आपल्या वर्गातील एका पालकांचे मूळ गाव कोयनेच्या जलाशयापलीकडे, कांदाटी खोऱ्यात आहे. कोयना धरण १९६४ साली पूर्ण झाले, नदीचे खोरे पाण्याखाली गेले आणि शिवसागर हा सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा जलाशय तयार झाला. काठची गावे उठली, काही वर डोंगरात सरकली. तेव्हापासून तिथल्या माणसांना बाजाराला, दवाखान्याला, तालुक्याला जायचे म्हणजे पाणी ओलांडायचे. बामणोली आणि तापोळ्याहून लाँच सुटतात, तापोळ्याला गाड्या पलीकडे नेणारा तराफाही आहे. पण लाँच तिच्या वेळेला सुटणार. रात्री आजोबांच्या छातीत दुखले तर काय, म्हणून या पालकांच्या मनात घरची एक छोटी होडी घ्यायचे आहे. ग्रीन कम्युनिटीतल्या तळ्याकाठी फेरी मारताना त्यांनी आम्हाला विचारले, "मोटर कोणत्या कंपनीची घेऊ?" आम्ही म्हटले, आधी होडी कोणती ते ठरवू.

सहावीच्या पुढच्या मुलांनी खालची आकडेमोड कागद-पेन्सिल घेऊन करावी. लहानांनी ती आईबाबांकडे सोपवून पुढे वाचावे.

थोडे शब्द

होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. घोड्याच्या पायाला ठोकतात ती नाळ वेगळी, शब्द मात्र तोच. दोन्ही बाजूंच्या वरच्या कडांना काठ. हाताने पाणी मागे लोटायचे ते वल्हे, दिशा बदलायची ते सुकाणू, जागेवर धरून ठेवतो तो नांगर. मोटरच्या ज्या भागामुळे होडी पुढे जाते त्याला पुस्तकात प्रचालक वगैरे म्हणत असतील, पण आपले कोळी बांधव त्याला सरळ पंखा म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणणार.

आणखी एक सुंदर शब्द आहे, उलांडी. कोकणात अरुंद होडीच्या एका बाजूला दोन आडवे दांडे काढून त्यांच्या टोकाला एक लाकूड होडीला समांतर बांधतात. ते पाण्यावर तरंगत राहते. तीच उलांडी. होडी त्या बाजूला कलू लागली की हे लाकूड पाण्यात दबते आणि पाणी त्याला वर ढकलते. दुसऱ्या बाजूला कलू लागली तर लाकूड उचलावे लागते आणि त्याचे वजन होडीला मागे ओढते. होडी अरुंदच राहिली, पण पाण्यावरचा तिचा पाय रुंद झाला. पाय रोवून उभे राहायचे तर आपण दोन पायांत अंतर ठेवतो, तसेच हे.

तरंगते का?

आर्किमिडीजचा नियम तुम्हाला शाळेत इंग्रजीतून शिकवलेला असेल. मराठीत असा: तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. एक लिटर पाणी एक किलोचे. म्हणून माणसांसह चारशे किलो भरणारी होडी चारशे लिटर पाणी बाजूला सारणार, मग ती लाकडाची असो की ॲल्युमिनियमची.

आपल्या पालकांच्या होडीचा हिशेब मांडू. होडी १२० किलो, मोटर आणि पेट्रोल ३५ किलो, बाबा ८०, आई ६०, आजोबा ६५, मुलगी ४०. बेरीज बरोबर ४००. होडी तीन मीटर साठ सेंटिमीटर लांब, एक मीटर चाळीस सेंटिमीटर रुंद आणि तळाला सपाट, पेटीसारखी आहे असे समजू. ३६० गुणिले १४० म्हणजे ५०,४०० चौरस सेंटिमीटर तळ. ४०० लिटर म्हणजे ४,००,००० घन सेंटिमीटर पाणी. भागाकार करा. होडी जेमतेम आठ सेंटिमीटर बुडेल, तुमच्या तळहाताच्या रुंदीइतकी.

आता तेवढ्याच लांबीची पण निम्म्या रुंदीची, म्हणजे ७० सेंटिमीटरची होडी घ्या. ती सोळा सेंटिमीटर बुडेल. दोन्ही छान तरंगतात. पण तरंगणे वेगळे आणि सरळ उभे राहणे वेगळे.

उलटत का नाही?

घरी करून बघा. बाथटबात किंवा मोठ्या टपात पाणी घ्या. आईची परात पाण्यावर ठेवा, तिच्या मध्यभागी एक वाटी ठेवा. परात हलवली तरी डुगडुगून सरळ होते. मग एक उंच, अरुंद, रिकामा डबा पाण्यात उभा सोडा. तो आडवा पडतो. आता डब्याच्या तळाशी चार-पाच गोट्या टाकून पुन्हा सोडा. आणखी एकेक टाकत गेलात की डबा उभा राहू लागतो. म्हणजे उलटणे थांबवायचे उपाय दोनच: तळ रुंद हवा, नाहीतर वजन खाली हवे. दोन्ही असले तर उत्तम.

कारण असे. होडी एका बाजूला कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि पाणी त्याच बाजूला जास्त जोराने वर ढकलते. होडी रुंद असेल तर हा धक्का मध्यापासून लांब लागतो. सीसॉच्या टोकाला बसलेले लहान मूलही आतल्या बाजूला बसलेल्या मोठ्याला उचलते, तसे.

आम्ही इंजिनिअरिंगला असताना हे एका पाळण्याच्या चित्राने समजले होते. होडीच्या वर हवेत एक हुक आहे आणि होडी त्या हुकाला पाळण्यासारखी टांगलेली आहे अशी कल्पना करा. होडीचे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे धरतात तो बिंदू म्हणजे गुरुत्वमध्य. तो हुकाच्या खाली असेल तर होडी झुलून परत सरळ होईल. हुकाच्या वर गेला तर होडी गरकन फिरेल. त्या हुकाला इंग्रजीत मेटासेंटर म्हणतात. पेटीच्या आकाराच्या होडीत त्याची तळापासूनची उंची काढायला सोपे सूत्र आहे. रुंदीला रुंदीने गुणा, बुडालेल्या खोलीच्या बारा पटीने भागा आणि त्यात बुडालेली खोली निम्मी करून मिळवा.

रुंद होडी: १४० गुणिले १४० म्हणजे १९,६००. भागिले ९६. साधारण २०४. अधिक ४. हुक तळापासून २०८ सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे बाबांच्या डोक्याच्याही वर.

अरुंद होडी: ७० गुणिले ७० म्हणजे ४,९००. भागिले १९२. साधारण साडेपंचवीस. अधिक ८. हुक साडेतेहतीस सेंटिमीटरवर, तुमच्या गुडघ्याच्याही खाली.

फळीवर नीट बसलेल्या माणसांसह गुरुत्वमध्य तळापासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर येतो. रुंद होडीत तो हुकाच्या खूप खाली आहे. अरुंद होडीत तो हुकाच्या वर गेला. ही होडी कोणी काही न करताही उलटणार! त्याच होडीत सगळे खाली तळावर बसले, तर गुरुत्वमध्य २५ सेंटिमीटरपर्यंत उतरतो आणि होडी कशीबशी सरळ राहते. हत्ता धरणाच्या पाण्यावर कयाक चालवायला गेलात तर पाय लांब करून इतके खाली का बसवतात, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. कयाक अरुंद असते. तिला तोल देते ती तुमची बैठक.

खऱ्या होडीचा आकार नाळेकडे निमुळता होतो, त्यामुळे प्रत्यक्षात हुक आमच्या हिशेबापेक्षा थोडा खाली येतो. पण मुद्दा बदलत नाही. रुंदी दुप्पट केली आणि वजन तेच ठेवले, तर हुक निम्म्या बुडालेल्या खोलीच्या वर जितका चढतो ती उंची आठपट होते, २५ची २०४. दोनचा घन आठ. हा घन लक्षात ठेवा, मोटरकडे आलो की तो पुन्हा भेटेल.

रुंद होडीतही बेफिकीर राहून चालत नाही. वरच्या होडीत बाबा आणि आई दोघेही एकाच बाजूला अर्धा मीटर सरकले, तर होडी सुमारे सहा अंश कलते आणि त्या बाजूचा काठ सात-आठ सेंटिमीटर खाली येतो. काठ पाण्यापासून चाळीस सेंटिमीटर वर असेल तर हे सहज चालते. पंधराच असेल तर पुढच्या लाटेला पाणी आत. आणि आत आलेले पाणी फार वाईट. आपल्या होडीच्या तळावर फक्त दोन सेंटिमीटर पाणी साचले तरी ते शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो होते. शिवाय माणसे सांगितले की जागेवर बसतात, पाणी बसत नाही. होडी ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला ते धावते आणि तिला आणखी कलवते. म्हणून होडीत पाणी उपसायला एक डबा दोरीने बांधलेला हवाच. दोरीने अशासाठी की घाईत तोच आधी हातातून सुटून पाण्यात जातो.

तीन दिवस

पुढचा भाग पालकांनी मुलांबरोबर बसून वाचावा.

३० सप्टेंबर २००९. केरळमधील थेक्कडी, पेरियारचा तलाव. पाणी शांत होते. पर्यटकांची दुमजली बोट होती. काठावर जनावरे दिसली म्हणून लोक एका बाजूला गेले. बोट उलटली, ४५ माणसे गेली. आपल्या भाषेत सांगायचे तर वरच्या मजल्यावरच्या माणसांनी गुरुत्वमध्य वर नेला होता आणि मग सगळे एका बाजूला सरकले.

१८ जानेवारी २०२४. बडोद्याचा हरणी तलाव, शाळेची सहल. बोटीत झेपतील त्याहून जास्त जण बसवले होते आणि अनेकांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती. बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या.

२१ मे २०२४. भीमेवरचे उजनी धरण, करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान. ही सहलीची बोट नव्हती. रोज पलीकडे जाणाऱ्या-येणाऱ्यांची होती. वळवाचा वारा सुटला आणि होडी उलटली. सहा जण गेले, एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले.

तिन्ही ठिकाणी समुद्र नव्हता. नकाशात ज्याला आपण शांत पाणी म्हणतो तेच होते. उजनीचा प्रसंग आम्हाला सर्वात जवळचा वाटतो, कारण शिवसागरावरही माणसे तशीच गरजेपोटी पाण्यात उतरतात. रुंद, मोकळ्या जलाशयावर वाऱ्याला अडवायला काही नसते. वारा जितके लांब अंतर पाण्यावरून धावतो तितकी लाट मोठी होते. मे महिन्यात दुपारी ढग काळे होऊ लागले की तासाभरात आरशासारखे पाणी उसळू लागते. तिथे दुपारचे काम सकाळी उरकावे.

मग होडी कोणती?

सपाट तळाची होडी शांत पाण्यात सर्वात स्थिर वाटते. उभे राहिले, मासा ओढला तरी ती फारशी कलत नाही. उथळ पाण्यातही चालते. तिचा दोष असा की लाट आली की ती थडाथड आपटते आणि लाटेचा उतार तिला आपल्याबरोबर कलवतो. व्ही आकाराच्या तळाची होडी लाट कापत जाते, पण थांबली की डुलते. मधला मार्ग म्हणजे पुढे थोडा व्ही आणि मागे सपाट तळ. शिवसागरासाठी आमचे मत याच होडीला. हवेची रबरी होडी फार स्थिर असते, कारण तिच्या दोन्ही बाजूंना जाड नळ्या असतात (उलांडीच जणू दोन्हीकडे). ती दुमडून गाडीत घालता येते. पण जलाशयाच्या काठाला काटेरी झुडपे आणि फुटके दगड असतात, तिथे ती रोजच्या कामाला टिकेल असे आम्हाला वाटत नाही. सुट्टीतल्या आठ दिवसांसाठी ठीक.

घेताना फीतपट्टी घेऊन जावे. रुंदी वरून मोजू नये, पाण्याच्या पातळीला मोजावी. काही होड्या वर पसरट आणि खाली निमुळत्या असतात, त्या दुकानात रुंद दिसतात आणि पाण्यात अरुंद वागतात. बसायच्या फळ्यांखाली हवाबंद कप्पे किंवा फोम भरलेला आहे का ते विचारावे. तो असेल तर होडी पाण्याने भरली तरी बुडत नाही, धरून राहायला आधार मिळतो. आमच्या मते ज्या होडीत हे नाही ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

किती माणसे बसवायची याचा अमेरिकेत वापरतात तो एक सोपा हिशेब आहे: फुटांतील लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. आपली होडी सुमारे १२ फूट लांब, ४.६ फूट रुंद. उत्तर ३.६८. प्रत्येकी ६८ किलोची साडेतीन माणसे म्हणा. वजनात २५० किलो. आपल्या चौघांचे वजन २४५ भरले, म्हणजे बसते, पण काठोकाठ. मामाही येतो म्हणाला तर दोन फेऱ्या कराव्यात. आणखी वीस सेंटिमीटर रुंद आणि फूटभर लांब होडी मिळाली तर आम्ही तीच घेऊ.

आता मोटर

मागच्या फळीला अडकवायची मोटर घरोघरी पोचवण्याचे श्रेय ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन माणसाला देतात. गोष्ट अशी सांगतात की विस्कॉन्सिनमधील एका तलावाकाठी सहलीला गेले असता त्याच्या मैत्रिणीला आइस्क्रीम हवे झाले. ओले वल्ही मारत पलीकडे गेला, आइस्क्रीम घेऊन परत आला तोवर ते वितळले होते. घामाघूम होऊन त्याने ठरवले की होडीला इंजिन लावायचे. १९०९ पासून तो अशा मोटरी विकू लागला. त्या नावाची मोटर शंभरावर वर्षे चालली, २०२० मध्ये तिचे उत्पादन थांबले. मैत्रिणीचे नाव बेस. तिने पुढे ओलेशी लग्न केले आणि धंद्याचा कारभारही पाहिला.

मोटर घेताना सगळे विचारतात, किती हॉर्सपॉवर? छोट्या होडीला निसर्गानेच वेगाची मर्यादा घातली आहे. होडी पाणी ढकलत चालते तेव्हा तिच्या नाळेशी एक लाट उठते. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते, आणि होडीइतकी लांब झाली की होडी स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते. हा वेग काढायचा तर मीटरमधील लांबीचे वर्गमूळ घ्या आणि साडेचाराने गुणा. ३.६ चे वर्गमूळ १.९. उत्तर ताशी साधारण साडेआठ किलोमीटर. तिथपर्यंत पोचायला दोन-तीन हॉर्सपॉवर पुरते. त्यापुढे थोडी ताकद वाढवून वेग वाढत नाही, मागची बाजू खाली बसते आणि नाळ आकाशाकडे जाते. पाण्यावरून उडत जायचे असेल तर खूप मोठी मोटर हवी. तिचे वजन सगळे मागच्या फळीवर, त्या बाजूचा काठ आधीच खाली, आणि हलक्या होडीला जोरात वळवले की काय होईल ते वरच्या पाळण्याला विचारा. काही होड्यांवर जास्तीत जास्त हॉर्सपॉवर लिहिलेली पट्टी असते. तो आकडा ओलांडायचा नाही.

विजेची मोटर आम्हाला आवडते. आवाज नाही, पाण्यात तेल नाही. पण बॅटरीचा हिशेब करून बघा. एक साधारण मोठी मोटर पूर्ण वेगाला बारा व्होल्टवर ५० अँपिअर ओढते. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर मरते. ५० भागिले ५०, एक तास. परतीच्या वाटेवर वारा तोंडावर आला तर तास लगेच संपतो. आता वेग निम्मा करा. लागणारी ताकद निम्मी होत नाही, सुमारे एक अष्टमांश होते. आला की नाही तो घन परत! म्हणून हळू चालवणाऱ्याला तीच बॅटरी चार-पाच तासही पुरेल. लिथियमची बॅटरी वजनाने निम्म्याहून हलकी आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, पण महाग. लहान तलावावर काठाकाठाने फिरायला विजेची मोटर सर्वात चांगली. रात्री आजोबांना पलीकडे न्यायचे असेल तर नाही. तिथे चार-पाच हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक पेट्रोल मोटर घ्यावी. शांत पाण्यात तिचा निम्मा जोर पुरेल आणि उरलेला वाऱ्याविरुद्ध कामी येईल. टू-स्ट्रोक हलकी असते, पण पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते आणि न जळलेले तेल पाण्यात जाते. ते पाणी खालची गावे पितात.

दांड्याची लांबी विसरू नये. मागची फळी ३८ सेंटिमीटरची असेल तर आखूड दांडा, ५१ ची असेल तर लांब. चुकीचा दांडा घेतला तर पंखा हवेत तरी फिरतो नाहीतर नको तितका खोल जातो. आणि शिवसागरात उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा वर न दिसणारे बुंधे, जुन्या घरांची जोती पाण्याखाली जवळच असतात. पंखा तिथे आपटतो. बऱ्याच छोट्या मोटरींत अशा वेळी पंख्यातली एक छोटी पिन तुटते आणि पंखा वाचतो. दोन जादा पिना आणि पक्कड होडीतच ठेवावी.

मोटर बंद करणारी लाल दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जाकिटाला अडकवायची. चालवणारा पाण्यात पडला की दोरी सुटते, मोटर थांबते आणि होडी त्याच्यावर फिरून येत नाही. ही दोरी गुंडाळून ठेवणारे फार. पेट्रोलची टाकी वेगळी असेल तर ती पुढे ठेवावी म्हणजे मागचे वजन कमी होते. आणि मोटर कितीही नवी असली तरी वल्ही घरी ठेवायची नाहीत.

भारतात मोटर लावलेल्या होडीची नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे करावी लागते आणि जलाशयात होडी उतरवायला पाटबंधारे खात्यालाही विचारावे लागते. शिवसागराभोवती अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्यालाही. हे सगळे होडी घेण्याआधी.

जाकिटांबद्दल एवढेच की ती माणशी एक हवीत आणि काठावरच घालायची. मुलांचे जाकीट वजनावरून निवडायचे, वय बघून नाही. घालून झाले की खांद्यांना धरून मुलाला वर उचलावे. जाकीट कानापर्यंत वर सरकले तर ते मोठे आहे. पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावावा, मुले कितीही कुरकुरली तरी. चढताना एका वेळी एकानेच चढायचे, पाय मधोमध ठेवून, वाकून. आजोबांना आधी मधल्या फळीवर बसवावे.

स्वाध्याय

१. वरची होडी १४० ऐवजी १२० सेंटिमीटर रुंद असती तर चारशे किलोला किती बुडाली असती आणि तिचा हुक किती उंचीवर आला असता? (उत्तर पुढच्या अंकात.)

२. विजेची मोटर २० अँपिअर ओढत असेल, तर शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्मी वापरून किती वेळ चालेल?

३. नाळ, काठ, वल्हे, उलांडी, तराफा हे शब्द वापरून एकेक वाक्य लिहा. 'नाळ' दोन अर्थांनी वापरा.

४. अब्रात बसून या. माणसे कशी बसली होती त्याचे वरून दिसेल तसे चित्र काढा आणि पाठीच्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर तीन वाक्यांत लिहा.

५. आजी-आजोबांना फोन करून विचारा: तुमच्या लहानपणी पाणी कशाने ओलांडायचे? त्या होडीचे गावातले नाव काय होते? जो शब्द मिळेल तो वहीत लिहून आणा. पुढच्या शनिवारी फळ्यावर सगळे शब्द लिहू.